वन्सं किती चालल्या

आमच्या वन्संचा गुडघा आता एकशे बारा अंशांपर्यंत वाकतो. परवा डॉक्टरांनी कोन मोजायची पट्टी लावून तो बघितला आणि बाहेर बसलेल्या दोन पेशंटना आत बोलावून दाखवला. "बघा, याला म्हणतात जिद्द!" म्हणाले. वन्सं खाली मान घालून मोजा चढवत होत्या. मला इतका संताप आला की मी पर्स उचलली आणि सरळ बाहेर जाऊन उभी राहिले. डॉक्टरांचा तरी काय दोष म्हणा. त्यांच्यासमोर गुडघा येतो, ते गुडघा बघतात.

वन्सं म्हणजे माझी नणंद. माझा नवरा गेल्यावर मी माझी ट्रंक उचलून त्यांच्याकडे राहायला आले, त्याला अकरा वर्षं झाली. त्या शिलाई करतात, मी काज-बटण आणि तुरपाई. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं पायमशीन आणि त्यांच्या डाव्या हाताला माझी खुर्ची. मशीनला मोटार बसवून घ्या म्हणून सगळे सांगून थकले, पण नाव नको. "मोटारीला कुठे थांबायचं ते कळत नाही, माझ्या पायाला कळतं," हे ठरलेलं उत्तर. गिऱ्हाइकांशी बोलणं असं की ऐकणाऱ्यानं कानात बोटं घालावीत. माप देताना कुणी पोट आत ओढून धरलं की म्हणायच्या, "सोडा हो ते, घरी गेल्यावर बाहेरच येणार आहे." तरी लोक त्यांच्याकडेच यायचे. बेचाळीस वर्षं त्या मशीनवर बसल्या. दिवसाचं काम त्या कपड्यांवर मोजायच्या नाहीत, पायावर मोजायच्या. "आज पाय भरपूर चालला," म्हणाल्या की समजायचं, बाई खुश आहे.

आणि त्यांचे यजमान, म्हणजे माझ्या नवऱ्याचे दाजी, म्हणून माझेही दाजीच. जन्मभर बस चालवली त्यांनी. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, पण वन्संनी कितीही तोंड सोडलं तरी हा माणूस शांतपणे चहा ओतून त्यांच्यापुढे ठेवायचा. पहिला झटका आला तेव्हा वन्संच्या खांद्यावर हात टाकून ते स्वतःच्या पायांनी जिना चढून शुश्रूषा केंद्रात गेले. महिनाभराचीच गोष्ट आहे, असं तेव्हा वाटलं होतं. तिथेच दुसरा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ते वरच राहिले, दोन वर्षं.

केंद्र जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. चौतीस पायऱ्या, अरुंद जिना, मध्ये दोन वळणं आणि कठडा एकाच बाजूला. गुरुवारी आणि रविवारी चार ते सहा भेटायची वेळ. वन्संनी एकही वार चुकवला नाही. गेल्या गेल्या त्या दाजींची दाढी करायच्या. दाजी डोळे मिटून घ्यायचे आणि डाव्या हातानं वन्संचा पदर धरून ठेवायचे. दाढी झाली तरी सोडायचे नाहीत. दुसऱ्या कुणालाच ते ओळखत नव्हते. मी गेले तर माझ्या खांद्यावरून मागे बघायचे, हिच्या पाठोपाठ ती येतेय का म्हणून.

वन्संचे दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा तर पार कामातून गेलेला. शेवटी शेवटी त्या जिन्यावर बसून, पाठीमागे सरकत, एकेक पायरी चढायच्या. मी खालून पिशवी धरून. एका रविवारी उतरताना पाच पायऱ्यांवरून घसरल्या. नशीब म्हणून हाडं शाबूत राहिली. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, आधी उजवा गुडघा बदला, डावा पुढच्या वर्षी बघू. वन्संनी किती दुखेल हे विचारलं नाही, किती चिरणार हेही नाही. एकच विचारलं, "जिना कधी चढेन?"

"व्यायाम नीट केलात तर दीड महिन्यात."

झालं. दीड महिना म्हणजे बारा भेटी. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी त्यांनी दाजींचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "बारा वेळा मी येणार नाही. तेराव्यांदा येईन. तोवर मरायचं नाही, काय?" त्यांना काय समजलं देव जाणे. पण त्यांनी वन्संचं मनगट असं काही धरलं की सिस्टरला येऊन बोटं सोडवावी लागली.

घरी आणल्यावर चौथ्या दिवशी व्यायामवाली आली. फिजिओथेरपिस्ट म्हणतात ते खरं, पण ते आमच्या जिभेवर बसेना. पंचविशीतली पोरगी, बोलायला गोड. तिनं वन्संच्या उजव्या घोट्याला एक काळा पट्टा बांधला. पाऊल पडलं की पट्टा मोजणार, आकडा आमच्या फोनवर दिसणार आणि तिच्याही फोनवर. दिवसाचं ठरलेलं चालणं झालं की फोनवरचा गोल हिरवा होणार. बाकीचे व्यायाम पलंगावरचे. टाच सरकवत गुडघा वाकवायचा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, खुर्चीत बसून पाय मागे खेचायचा. ते पट्ट्याला समजत नाहीत, म्हणून झाले की फोनवर खूण करायची. खूण करायचं काम माझ्याकडे.

पहिले पंधरा दिवस वन्संनी जीव तोडून केलं. टाच सरकवताना उशी दातांत धरायच्या. मी पाय धरायची आणि माझेच डोळे गळायचे. वॉकर घेऊन खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून परत. संध्याकाळी फोन बघितला की आकडा एकशे ऐंशी, दोनशे चाळीस. गोल पांढरा तो पांढराच. बेचाळीस वर्षांत ज्या बाईला कुणी "कमी पडलं" म्हटलं नव्हतं, ती त्या पांढऱ्या गोलाकडे बघून रडली. "मेल्याला एवढं केलेलं दिसत नाही का गं, वहिनी?" व्यायामवालीनं मोजलं तेव्हा गुडघा साठ अंश वाकत होता. म्हणाली, "ठीक आहे काकू, पण नव्वद झाल्याशिवाय जिना नाही. दुखलं तरी वाकवायचाच."

रविवारी मी एकटी दाजींकडे जात होते. एकदा वाटलं, निदान आवाज तरी ऐकवावा. फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. वन्संचा आवाज ऐकला आणि हा माणूस दाराकडे बघायला लागला. फोनकडे नाही, दाराकडे. मी घाईनं फोन बंद केला. डाव्या पायानं चादर लाथाडली, उठायला बघू लागला, घशातून कसलेतरी आवाज. अर्धा तास कुणालाच आवरेना. सिस्टर हात जोडून म्हणाली, "फोन नका करू हो पुन्हा. यायचं असेल तेव्हा त्यांनाच येऊ दे." मी घरी येऊन वन्संना सांगितलं, झोपले होते.

आणि सिस्टरनं आणखी एक सांगितलं होतं. दाजी वाळलेत, शर्ट ढगळ होतात, आणि आखडलेला उजवा हात बाहीत घालताना कळवळतात. एवढं ऐकल्यावर वन्सं पलंगावर कशाला राहतायत? "एकच शर्ट," म्हणाल्या. बसका स्टूल गुडघ्याला सोसेना, म्हणून मी स्वयंपाकघरातला उंच स्टूल आणून मशीनपुढे ठेवला. मीच आणला. त्यांनी असा शर्ट बेतला की उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत पूर्ण उघडते आणि वेल्क्रोनं बंद होते. हात हलवायलाच नको, शर्ट वरून पांघरायचा आणि चिकटवायचा. दिवसभर बसल्या. संध्याकाळी मी सवयीनं फोन उघडला आणि ओरडलेच, "वन्सं! दोन हजार शंभर!"

गोल हिरवागार.

दोघी फोनकडे बघतोय, पायाकडे बघतोय. मग ट्यूब पेटली. पायडल वर-खाली होतं, घोटा वर-खाली होतो, पट्टा बिचारा मोजतोय. आम्ही इतक्या हसलो, इतक्या हसलो, की वन्संनी पोट धरलं. "बघ, याला पण समजलं माझं चालणं कसलं असतं ते!" तेवढ्यात फोन वाजला, व्यायामवालीचा निरोप. "वा काकू, कमाल! असंच चालू ठेवा!" आता सांगा, बाई चालू ठेवणार नाही तर काय करणार?

फसवायचं म्हणून त्यांनी केलं नाही, हे मी शपथेवर सांगते. त्यांना मनापासून वाटलं, पाय हलतोय, घाम येतोय, रात्री पाय ठणकतोय, मग व्यायाम आणखी वेगळा काय असतो? जन्मभर ज्या पायानं घर चालवलं, त्या पायाला आता नुसतं पलंगावर घासायचं, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. शर्ट मी केंद्रात नेऊन दिला, तो बघून सिस्टरनं बाकीच्या आठ पेशंटसाठीही मागितले. कापड केंद्रानं दिलं. आता तर काय, बाईच्या अंगात वारंच शिरलं. तीन हजार, चार हजार, एकदा पाच हजार सहाशे. पलंगावरच्या व्यायामाची वेळ झाली की म्हणायच्या, "राहू दे गं, आज एवढी चाललेय." आणि मी व्यायाम झाले अशी खूण करून टाकायची. रोज. माझं मन खातं ते इथं. पाय धरला की त्या ओरडायच्या, ते मला ऐकवायचं नाही. हिरवा गोल मला त्यांच्यापेक्षा जास्त हवा होता.

व्यायामवालीकडे चाळीस पेशंट. आकडे असे फुललेले बघून तिनं घरी येणं लांबवलं, फोनवरच भागवू म्हणाली. पाचव्या आठवड्यात तिनं मला फोनवर विचारलं, "काकू खरंच एवढं चालतात ना हो? आकडे फारच छान आहेत म्हणून विचारते." वन्सं मशीनवरच होत्या. आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी मशीनचं चाक तळहातानं दाबून धरलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "अहो, त्या घरात बसतच नाहीत." फोन ठेवला. त्यांनी चाकावरचा हात काढला, मशीन सुरू झालं.

सातव्या आठवड्यातला गुरुवार. वन्सं सकाळपासून तयार. इस्त्रीचे कपडे, पिशवीत बाकीच्यांचे आठ शर्ट, दाढीचं सामान. रिक्षात माझा हात घट्ट धरून बसलेल्या, नव्या नवरीसारख्या लाजत होत्या म्हटलं तरी चालेल. जिन्यापाशी आल्या. व्यायामवालीनं शिकवलं होतं, चढताना चांगला पाय आधी. डावा पाय टाकला तर तो झिजका गुडघा त्यांचं वजन उचलेना. मग उजवा उचलला. तो वाकेचना. पाऊल पायरीच्या कडेला जाऊन अडकायचं. ओढून ओढून तीन पायऱ्या झाल्या. तिथे थांबल्या त्या थांबल्याच. दोन्ही पाय लटलटायला लागले. पूर्वीसारखं बसून सरकावं तर ताठ गुडघ्यानं बसताही येईना. मी "अहो सिस्टर" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "ओरडू नकोस. त्यांना ऐकू जाईल." वॉचमननं धरून उतरवलं. शर्ट मी वर देऊन आले. दाजी माझ्यामागे बघत होते.

निरोप मिळाल्यावर त्याच संध्याकाळी व्यायामवाली धावत आली. गुडघा चौसष्ट. तिनं दोनदा मोजला. मग वन्संनीच सांगितलं, काही न लपवता. "मशीन चालवत होते मी. माझीच अक्कल." माझं नावसुद्धा काढलं नाही. पोरगी म्हणाली, "काकू, पायडलवर गुडघा जेमतेम दहा-पंधरा अंश हलतो हो. उंच स्टुलावर तर त्याहून कमी. तीन-चार आठवडे गुडघा त्याच कोनात बसून राहिला आणि आत धरून गेला." मग तीच रडायला लागली. "मी यायला हवं होतं." वन्संनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी तिथेच बसले होते, हातात सुई-दोरा, आणि टाके घालत राहिले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

डॉक्टर म्हणाले, भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल. तारीख मिळाली अकरा दिवसांनंतरची. त्या दिवसांत वन्संनी पट्टा काढून फेकला आणि टाच सरकवायला लागल्या. रोज तीन वेळा, शंभर-शंभर. ओरडायच्या, मला म्हणायच्या, "सोडू नकोस, दाब!" आणि मी दाबायची. चौसष्टचा अडुसष्ट झाला. तेवढाच. केंद्राच्या मोठ्या बाईंना त्यांनी फोन करकरून विनवलं, "मी येऊ शकत नाही, मग त्यांना तरी पाच मिनिटं खाली आणा." बाईंचं एकच. "दोन वळणं आहेत हो. स्ट्रेचर आडवा मावत नाही, तिरका करावा लागतो. जिवंत माणसाला कसं करू तसं? पडले तर?"

पाचव्या दिवशी, मंगळवारी सकाळी दहाला सिस्टरचा फोन आला. दाजींच्या छातीत कफ भरलाय, डॉक्टर बघून गेले, आता हलवण्यात अर्थ नाही. येऊन जा.

वन्सं त्या दिवशी चढल्या. कशा, ते मला शब्दांत सांगता येत नाही. कठडा दोन्ही हातांनी धरून, अंग त्यावर टाकून, पाय मागे फरफटत. वॉचमन मागून रेटा देतोय. जखमेच्या व्रणातून रक्त आलं. पहिल्या वळणापर्यंत गेल्या. अकरा पायऱ्या. तिथे कठडा तुटतो, दुसऱ्या बाजूला सुरू होतो, आणि मध्ये धरायला काही नाही. तिथे त्यांचे पाय गेले. भिंतीला टेकून घसरत खाली बसल्या, उजवा पाय काठीसारखा पुढे. मला म्हणाल्या, "तू पळ. माझ्यासाठी थांबू नकोस. पळ!"

मी पळाले. दाजींचा श्वास घरघरत होता. अंगात तोच शर्ट, वेल्क्रोचा. मी हात धरला, तर त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. आणि तेवढ्यात खालून आवाज आला. इतके दिवस जपून दाबलेला तो आवाज, "आलेय हो मी! ऐकलंत का? मी आलेय! जिन्यातच आहे!"

दाजींनी डोळे उघडले. मी त्यांचं डोकं उचलून दाराकडे वळवलं. दुसरं काय करणार होते मी? खालून हाका येतच होत्या, आणि ते दाराकडे बघत होते. डावा हात चादरीवर चाचपत होता. वीस मिनिटं गेली असतील. मग हात थांबला. खाली वन्संना ते माहीत नव्हतं, त्या हाका मारतच होत्या.

दुपारी त्यांना खाली आणलं. वळणावर स्ट्रेचर तिरका केला. चौघांनी धरला आणि झाला तिरका, काही अडलं नाही. वन्संना वॉचमननं आधीच उतरवून खाली बाकावर बसवलं होतं. स्ट्रेचर त्यांच्यापुढे टेकवला. त्यांनी खाली वाकायला बघितलं, वाकता येईना. म्हणून मी दाजींचा हात उचलून त्यांच्या हातात दिला. कितीतरी वेळ त्या तो हात धरून होत्या. हनुवटीवर वाढलेल्या दाढीकडे बघून म्हणाल्या, "किती वाढू दिलीये." मग माझ्याकडे वळल्या.

"शेवटी काय करत होते?"

मी म्हटलं, "झोपेत गेले, वन्सं. काही कळलं नाही त्यांना."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. त्यांचा आवाज हाका मारून मारून पार बसला होता.

"वहिनी, तिला फोनवर सांगितलंस तसं मला नको सांगूस."

मी त्यांच्या पायाशी बसले, त्या ताठ पायाशी, आणि सांगितलं. "दाराकडे बघत होते. तुमची हाक ऐकली त्यांनी. शेवटपर्यंत दाराकडेच बघत होते."